आधार आणि वाहक : हौशी लेसर-बांधणीच्या सूचनांतील एका भाषिक दोषाची चिकित्सा

१

यंत्र जोडण्याच्या सूचना हा गद्यप्रकार समीक्षेच्या कक्षेत सहसा येत नाही. त्याला ना रसाची अपेक्षा, ना शैलीची. कार्य झाले की त्याचे प्रयोजन संपते, अशीच सर्वसाधारण समजूत आहे. तथापि ज्या गद्यातील एका सर्वनामाचा निर्देश चुकला तर वाचकाच्या हातातील वस्तू जळते, आणि प्रसंगी त्याच्या डोळ्यालाही अपाय होऊ शकतो, ते गद्य भाषेच्या अभ्यासकाने उपेक्षावे इतके क्षुल्लक खचित नव्हे. घरी लेसर बांधणाऱ्या हौशी मंडळींसाठी गेल्या काही दशकांत जे सूचनावाङ्मय निर्माण झाले, त्यातील एकच प्रकरण येथे विचारार्थ घेतले आहे : विद्युतधारेचे नियमन करणारा ड्रायव्हर बोर्ड धातूच्या नळीत बसविताना ‘शॉर्ट’ कसा टाळावा, हे सांगणारा भाग. या भागात इशाऱ्यांची उणीव नाही. उणीव आहे ती वेगळीच. ज्या धातूवर बोर्ड बसवायचा, त्या धातूला ही भाषा केवळ जागा समजते. वस्तुतः तो धातू परिपथाचा एक घटक असतो. बहुतेक अपघातांचे मूळ या एका गैरसमजात आहे, असे दाखविता येते.

२

या वाङ्मयाची परंपरा लेसरच्या इतिहासाला जवळजवळ समांतर आहे. १६ मे १९६० रोजी थिओडोर मेमन यांनी अमेरिकेतील ह्यूज प्रयोगशाळेत माणकाच्या स्फटिकातून पहिला लेसर-किरण मिळविला. १९६२ साली जनरल इलेक्ट्रिक कंपनीत रॉबर्ट हॉल यांनी अर्धवाहक लेसर सिद्ध केला. त्यानंतर दोनच वर्षांनी, सप्टेंबर १९६४ मध्ये, ‘सायंटिफिक अमेरिकन’ या मासिकातील ‘द अ‍ॅमॅच्युअर सायंटिस्ट’ या सी. एल. स्टाँग यांच्या सदरात हेलियम-निऑन वायूचा लेसर घरी कसा बांधावा याचे विवेचन आले. हौशी लेसर-बांधणीच्या सूचनावाङ्मयाचा आरंभ तेथून मानण्यास हरकत नाही.

त्या काळच्या वायु-लेसरची आणि आजच्या डायोड-लेसरची तुलना केली असता सूचनांच्या भाषेतील फरकाचे कारण उमगते. वायु-लेसरची नळी काचेची. काच स्वतःच विद्युतरोधक असल्याने आधार आणि वाहक हे दोन पदार्थ तेथे निसर्गतःच वेगळे पडत. शिवाय दाब हजारो व्होल्टचा. त्यामुळे धोका उघड होता, आणि भीती हीच पुष्कळशी शिकवण देत असे. डायोड-लेसरमध्ये ही दोन्ही साधने नाहीशी झाली. तांबड्या डायोडला सुमारे अडीच व्होल्ट व निळ्याला सुमारे चार ते पाच व्होल्ट पुरतात. एवढ्या दाबाचा झटका हाताला लागत नाही. आणि काचेची जागा अ‍ॅल्युमिनियम, पितळ व तांबे यांनी घेतली, कारण डायोडची उष्णता बाहेर काढावयाची तर धातूवाचून गत्यंतर नाही. याप्रमाणे आधार धातूचा झाला; सूचनांची वाक्ये मात्र काचेच्या काळातलीच राहिली.

३

दोषाचे स्वरूप कळण्यासाठी रचनेचा परिचय करून घेणे अगत्याचे आहे. लेसर डायोड एका लहानशा धातूच्या डबीत असतो; तिचा व्यास बहुधा ५.६ किंवा ९ मिलिमीटर. ही डबी पितळी किंवा तांब्याच्या मॉड्यूलमध्ये दाबून बसवितात, मॉड्यूल अ‍ॅल्युमिनियमच्या ठोकळ्यात म्हणजे हीट सिंकमध्ये जाते, आणि ठोकळा विजेरीच्या नळीत. याप्रमाणे डबीपासून नळीपर्यंत धातूची अखंड साखळी तयार होते. सामान्य विजेरीत बॅटरीचे धन टोक पुढे असते व ऋण टोकाकडून येणारी वाट नळीच्या भिंतीतूनच जाते. म्हणजे नळी ही आरंभापासूनच एक तार आहे; केवळ ती तारेसारखी दिसत नाही.

डबी परिपथाशी कशी जोडलेली असते, या प्रश्नाला एकच उत्तर नाही. काही डायोडांत ती धन टोकाशी जोडलेली असते, काहींत ऋण टोकाशी, आणि काहींत, विशेषतः अनेक निळ्या डायोडांत, ती दोहोंपासून अलिप्त असते. बाहेरून तिन्ही सारख्याच दिसतात.

आता नियमनाकडे वळू. अनेक ड्रायव्हर बोर्डांत डायोडच्या ऋण टोकाकडून निघणारी धारा एका अगदी लहान रोधातून बॅटरीच्या ऋण टोकाकडे जाते. या मापक रोधावर पडणाऱ्या दाबावरून किती धारा वाहते हे बोर्ड ओळखतो आणि त्याप्रमाणे ती कमीअधिक करतो. समजा, डायोडची डबी ऋण टोकाशी जोडलेली आहे आणि ती साखळीद्वारे नळीला टेकली. मग धारा मापक रोधातून न जाता नळीतून जाते. बोर्डाला धारा शून्य भासते. ती वाढविण्यासाठी तो आपली सारी शक्ती खर्च करतो. डायोडचे आरशासारखे टोक स्वतःच्याच प्रकाशाने वितळते व त्याला मायक्रोसेकंदांचा अवधी पुरतो. ठिणगी नाही, धूर नाही, फ्यूज उडत नाही. जो राहतो तो केवळ मंद दिव्यासारखा उजळणारा निर्जीव डायोड.

या घटनेतील मर्म असे की डायोडचे ऋण टोक आणि बॅटरीचे ऋण टोक या दोन्ही ठिकाणी सूचनेत ‘ऋण’ हाच शब्द असतो, आणि दोहोंतील दाबाचा फरक व्होल्टच्या अंशाएवढाच असतो. वाचक त्यांना एक समजतो, कारण भाषेने त्यांना एक नाव दिले आहे. परिपथ मात्र त्या अंशावरच जगतो.

४

प्रचलित सूचनांचा सर्वसामान्य साचा पुढीलप्रमाणे मांडता येईल : ‘ड्रायव्हर नळीत बसवा, तो केसला लागणार नाही याची काळजी घ्या, ग्राउंड जोडा.’ हे वाक्य कोणा एका ग्रंथातील उतारा नव्हे. अशा सूचनांतील समान अंश तेवढा येथे एकत्र केला आहे.

पाणिनीय परंपरेत क्रियेच्या आधाराला अधिकरण म्हणतात. ‘नळीत बसवा’ या रचनेत नळी अधिकरण आहे : क्रिया तेथे घडते, पण नळी स्वतः काही करीत नाही. भांड्यात पाणी, पेटीत कागद, तशी नळीत बोर्ड. व्याकरणदृष्ट्या वाक्य निर्दोष आहे, आणि यांत्रिक दृष्टीनेही ते खरे आहे. विद्युतदृष्ट्या मात्र नळी अधिकरण नसून करण आहे. तिच्या द्वारा धारा वाहते. एकाच पदार्थाची दोन कारके एकाच वेळी सत्य आहेत आणि सप्तमीच्या प्रत्ययाने त्यांतील एकच उच्चारले जाते. जे उच्चारले जात नाही, ते वाचकाच्या मनातूनही निसटते.

दुसऱ्या खंडातील ‘तो’ या सर्वनामाकडे पाहावे. ‘तो’ म्हणजे नेमके काय? बोर्डाची कडा, मागील बाजूस वर आलेले सोल्डरचे कोंब, कापावयाचे राहिलेले तारांचे टोक, धारा ठरविण्याच्या पोटेन्शिओमीटरचे धातूचे अंग, की स्क्रूच्या डोक्याखाली सापडलेला तांब्याचा पट्टा? वाचक ‘तो’ म्हणजे संपूर्ण बोर्ड असे मानतो आणि समोरून पाहून निश्चिंत होतो. धोका बहुधा पाठीमागे असतो. त्यातच बोर्डावरील हिरवा लेप पाहून तो विद्युतरोधक आवरण आहे असा त्याचा ग्रह होतो. वास्तविक तो लेप सोल्डर नको तेथे पसरू नये म्हणून दिलेला असतो. धातूवर घासला जाऊन टिकण्याची जबाबदारी त्याच्यावर टाकता येत नाही.

‘केस’ या शब्दाची स्थिती याहून बिकट आहे. डायोडची डबी ही केस, विजेरीची नळी ही केस, आणि कधी कधी मॉड्यूलही केसच. ‘केस ऋण आहे’ या विधानाने डबीविषयी सांगितलेली गोष्ट वाचक नळीविषयी समजतो. ‘ग्राउंड’ या शब्दाने तर चार अर्थ वाहून न्यावयाचे असतात : जमिनीशी जोडणी, यंत्राची चौकट, बॅटरीचे ऋण टोक, आणि मोजमापासाठी शून्य मानलेला बिंदू. आंतरराष्ट्रीय चिन्हपद्धतीत जमीन व चौकट यांसाठी निरनिराळी चिन्हे आहेत. हौशी आकृत्यांत मात्र कोणतेही एक चिन्ह सर्वत्र वापरलेले आढळते. बॅटरीवर चालणाऱ्या, हातात धरावयाच्या लेसरचा जमिनीशी काडीचा संबंध नसतो, तरी ‘ग्राउंड’ त्यात ठाण मांडून असतो.

आकृती ही भाषेची उणीव भरून काढील, अशी अपेक्षा व्यर्थ आहे. परिपथाच्या आकृतीत बॅटरी असते, रोध असतो, डायोड असतो, नळी नसते. ज्या तारेने अपघात होतो, तीच तार आकृतीत काढलेली नसते. पायांच्या मांडणीच्या आकृतीतही दर्शनाची दिशा हा प्रश्न राहतोच. डायोड वरून पाहिला की खालून, हे न सांगता ‘डावा पाय’ म्हणणे म्हणजे वक्ता कोठे उभा आहे हे न सांगता ‘इकडे’ म्हणण्यासारखे आहे.

५

रूप एक आणि अर्थ भिन्न, या घटनेचे शब्दांहूनही बोलके उदाहरण या क्षेत्रातील वस्तूंतच सापडते. टीओ-२२० या नावाचा एक प्रचलित आकार आहे : काळे चौकोनी अंग, तीन पाय, आणि पाठीला भोक असलेली धातूची पट्टी. ७८०५ या नियामकाची पट्टी परिपथाच्या समान टोकाशी, म्हणजे ज्याला ग्राउंड म्हणतात त्याच्याशी जोडलेली असते. ७९०५ या ऋण दाबाच्या नियामकात तीच पट्टी आगम-टोकाशी, आणि एलएम ३१७ मध्ये निर्गम-टोकाशी जोडलेली असते. भाषाशास्त्रात ज्याला अनेकार्थत्व म्हणतात, ते येथे अक्षरशः धातूत ओतलेले आहे. ज्याने पूर्वी ७८०५ चौकटीला थेट स्क्रूने आवळला, तो सवयीने एलएम ३१७ ही तसाच आवळतो.

त्याचे फळ काय? एलएम ३१७ चा उपयोग स्थिर धारेसाठी करताना निर्गम-टोक व नियंत्रण-टोक यांमध्ये एक रोध घालतात, त्यावर १.२५ व्होल्ट दाब राहील इतकी धारा नियामक सोडतो. रोध ५ ओहमचा असल्यास धारा २५० मिलिअँपिअर. आता डायोडची डबी धन टोकाशी जोडलेली असून ती व नियामकाची पट्टी एकाच उघड्या अ‍ॅल्युमिनियमच्या ठोकळ्याला लागली, तर तो रोध निरर्थक ठरतो. नियामक १.२५ व्होल्टच्या शोधात आपल्या अंगभूत मर्यादेपर्यंत धारा वाढवितो. ती मर्यादा दीड अँपिअरहून अधिक असते, आणि डायोड तत्काळ मरतो. परंतु तोच ठोकळा बॅटरीच्या ऋण टोकाला जोडलेला असून डायोडची डबी ऋण किंवा अलिप्त असेल, तर पट्टी लागताच डायोड विझतो, नियामक तापतो, आणि चूक वेळीच लक्षात आली तर डायोड वाचतो. कृती एकच, ‘पट्टी ठोकळ्याला लागली’ हे वर्णनही एकच, परिणाम परस्परविरुद्ध. ‘शॉर्ट टाळा’ या आज्ञेत हा भेद कोठेही व्यक्त होत नाही.

६

येथे ‘शॉर्ट’ या शब्दाचाच विचार प्राप्त होतो. शालेय विज्ञानाच्या मराठीत त्याला ‘लघुपरिपथन’ हा प्रतिशब्द आहे. घरातील विद्युन्मय व तटस्थ तारा एकमेकींना टेकणे, प्रचंड धारा वाहणे, फ्यूज वितळणे, हे त्या शब्दामागील चित्र. घरगुती विजेपुरते ते यथार्थ आहे. पण मापक रोध टाळून जाणारी वाट लांबीने लघु असेलच असे नाही. ती डबी, मॉड्यूल, ठोकळा व नळी अशी फिरून गेलेली, मूळ वाटेपेक्षा कितीतरी लांब असू शकते. तेथे दोष लघुत्वाचा नसून पहारा चुकविण्याचा आहे. ‘वाट लहान झाली’ यापेक्षा ‘धारेने नाके चुकविले’ असे म्हणणे वस्तुस्थितीला अधिक धरून होईल.

‘वाहक’ या शब्दाबाबतही असाच सावधपणा हवा. उष्णतावाहक लेप, उष्णतावाहक चिकटद्रव्य यांचा या बांधणीत सर्वत्र उपयोग होतो. उष्णता वाहणे आणि वीज वाहणे हे दोन स्वतंत्र गुण आहेत. अ‍ॅल्युमिनाच्या भुकटीचे चिकटद्रव्य उष्णता वाहते आणि वीज अडविते; चांदी भरलेले काही इपॉक्सी दोन्ही वाहते. सामासिक शब्दातील पूर्वपद गाळून नुसते ‘वाहक लेप लावा’ असे लिहिणे म्हणजे निर्णायक अर्थच गाळणे होय. रंगीत अ‍ॅनोडाइज्ड अ‍ॅल्युमिनियमविषयी ‘ते विद्युतरोधक असते’ हे विधानही अर्धेच खरे आहे. तो थर सहसा मिलिमीटरच्या काही सहस्रांशांपासून पाव दशांशापेक्षाही कमी जाडीचा असतो. स्क्रूच्या आट्यांशी आणि धारदार कडांशी तो खरवडला जातो. थर असतो पृष्ठाचा, आणि संपर्क होतो कडेशी.

याउलट बोलीभाषेकडे पाहिले असता एक विलक्षण गोष्ट आढळते. दुचाकी दुरुस्त करणारा मराठी कारागीर ‘बॉडी शॉर्ट आहे’ किंवा ‘वायर बॉडीला लागली’ असे म्हणतो. पावसाळ्यात ‘लोखंडी खांबात वीजप्रवाह उतरला’ असे वृत्तपत्रे लिहितात. ‘उतरणे’ या क्रियापदात खांब ही नुसती जागा राहत नाही. प्रवाह त्याच्यात शिरतो, त्याच्यातून जातो, आणि त्याला स्पर्श करणाऱ्याला गाठतो. ‘खांबात’ ही सप्तमीच आहे, पण क्रियापदाने तिला कार्यकारी केले आहे. सूचनाकाराने ‘बोर्ड नळीत बसवा’ असे लिहिताना जे गमावले, ते या बोलीने सहज राखले आहे. परिभाषा घडविणाऱ्यांनी कार्यशाळेतील मराठीकडे केवळ अशुद्धीचे भांडार म्हणून पाहू नये, याला हे एक लहानसे पण सबळ प्रमाण होय.

७

या चिकित्सेवर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की सूचना संक्षिप्त असावी लागते. कारकांचा काथ्याकूट करीत बसले तर कोणी वाचणार नाही. दुसरा असा की जाणकार वाचक संदर्भाने अर्थ लावून घेतोच. दुसऱ्या आक्षेपाचे उत्तर सोपे आहे : जाणकाराला सूचनेची गरज नसते. सॅम्युएल गोल्डवॉसर यांच्या सुप्रसिद्ध लेसरविषयक प्रश्नोत्तर-संग्रहासारख्या विस्तृत लेखनात डायोडची नाजूक प्रकृती व टोकांच्या जोडणीतील विविधता यांची जाणीव स्पष्ट दिसते. दोष आहे तो अशा विस्तृत लेखनातून उचललेल्या व वाटेत विशेषणे गाळलेल्या संक्षेपांत. संक्षेप करताना प्रथम गळतात ती ‘कोणाची’ व ‘कशाशी’ ही पदे, आणि नेमकी तीच येथे निर्णायक आहेत.

पहिल्या आक्षेपाचे उत्तर प्रत्यक्ष नमुन्याने देणे उचित. वरील साच्याऐवजी पुढील रचना वापरता येईल : ‘या डायोडची डबी त्याच्या ऋण टोकाशी जोडलेली आहे. विजेरीची नळी बॅटरीच्या ऋण टोकाशी जोडलेली आहे. ही दोन ऋण टोके एक नव्हेत. त्यांच्यामध्ये मापक रोध आहे. म्हणून ठोकळा व नळी यांमध्ये विद्युतरोधक थर द्या, अथवा डायोडच्या ऋण टोकात रोध नसलेला ड्रायव्हर निवडा.’ शब्द वाढले, हे खरे. पण प्रत्येक धातूचे नाते आधी घोषित झाले आणि आज्ञा नंतर आली. विधान आधी व विधी नंतर, हा क्रम पाळला की विधीचे कारण वाचकाला विचारावे लागत नाही.

परीक्षेच्या सूचनेलाही हाच नियम लागू पडतो. ‘मल्टिमीटरने शॉर्ट तपासा’ एवढे पुरेसे नाही. मापक रोध एखाद्या दशांश ओहमचा असल्यास सारे जोडून झाल्यावर त्या दोन ऋण टोकांमध्ये मल्टिमीटरची शिट्टी वाजणारच. दोष असो वा नसो, उत्तर एकच. म्हणून ‘केव्हा’ हे पद आवश्यक आहे : डायोडच्या तारा बोर्डाला सोल्डर करण्यापूर्वी डायोडचा प्रत्येक पाय व नळी यांमध्ये तपासावे; बोर्ड बसवून झाकण घट्ट आवळल्यावर, बॅटरी न घालता, बोर्डाचे धन टोक व नळी यांमध्ये पुन्हा तपासावे, कारण सैल असताना न लागणारा सोल्डरचा कोंब आवळल्यावर लागतो. त्यानंतर डायोडऐवजी ओळीने जोडलेले साधे सिलिकॉन डायोड व एक ओहमचा रोध असा नकली भार लावावा. रोधावरील प्रत्येक मिलिव्होल्ट म्हणजे एक मिलिअँपिअर. खरा डायोड जोडण्यापूर्वी बोर्डाच्या निर्गम-टोकांवरील संधारित्रातील साठा रिकामा करावा, नाहीतर तोच साठा डायोडचा घात करतो.

हा काटेकोरपणा केवळ एका डायोडच्या किमतीसाठी नाही. १८६५० या आकाराच्या लिथियम बॅटरीचे पोलादी अंग धन टोकाच्या खांद्यापर्यंत ऋण असते व त्यावर केवळ पातळ प्लास्टिकचे वेष्टन असते. ते फाटून धन टोकाचा संपर्क त्या अंगाला किंवा नळीला लागला तर बंद नळीत तापलेल्या बॅटरीला मोकळी वाट नसते. तसेच ५०० मिलिवॅटहून अधिक शक्तीचे दृश्य किरण चौथ्या वर्गात मोडतात. तेथे विखुरलेला प्रकाशही डोळ्यास धोकादायक ठरू शकतो. नियमन चुकलेला डायोड मरण्यापूर्वी किती प्रकाश देईल, याची हमी कोणी देऊ शकत नाही. अशा वस्तूची चाचणी तरंगलांबीला योग्य अशा संरक्षक चष्म्यावाचून करू नये, हे सूचनेत अखेरीस नव्हे, आरंभीच आले पाहिजे.

८

सारांश, या सूचनावाङ्मयाचे वैगुण्य माहितीच्या अभावात नाही; ती पुष्कळ आहे. वैगुण्य आहे ते नामांची नाती न सांगता क्रियापदे सुटी सोडण्यात. ‘बसवा’, ‘चिकटवा’, ‘आवळा’ ही क्रियापदे यंत्रशास्त्राची आहेत. त्यांना धारेची खबर नसते. ती खबर देण्याचे काम नामांनी करावयाचे असते, आणि प्रत्येक धातूच्या नामामागे तो कोणत्या टोकाशी जोडलेला आहे हे सांगितल्याखेरीज ते होत नाही. मराठीत तंत्रविषयक लेखन वाढावे अशी अपेक्षा सर्वत्र व्यक्त होते. ते लेखन इंग्रजी संक्षेपांचे प्रतिशब्दांकित रूप होणार, की ‘उतरणे’सारख्या क्रियापदांचे सामर्थ्य ओळखणारे स्वतंत्र गद्य होणार, याचा निर्णय मोठ्या ग्रंथांपेक्षा अशा चार ओळींच्या सूचनांतच अधिक होईल.